डिक्कीतला वूफर आणि पट्ट्याचं दुसरं टोक

नागपूरच्या मनीषनगरमधलं एक कुटुंब. गाडी हॅचबॅक, मधल्या व्हेरिएंटची, मागची सीट ६०:४० अशी दोन भागांत दुमडणारी. घरात आजी, नवरा-बायको आणि इंजिनिअरिंगला असलेला मुलगा. मुलगी वर्ध्याला दिलेली. ती दोन वर्षांच्या लेकाला घेऊन अधूनमधून माहेरी येते, तेव्हा मागच्या सीटवर बाळाची सीट लागते. मुलानं हौसेनं डिक्कीत १२ इंची वूफर, म्हणजे बासचा मोठा स्पीकर, बसवून घेतलेला. त्याचा डबा १८ मिलिमीटरच्या एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा), बाहेरून काळं कार्पेट, अँप (अँप्लिफायर) डब्याच्याच डोक्यावर स्क्रूनं बसवलेला.

दिवाळीनंतर वर्ध्याहून समृद्धीनं परतताना वायफळच्या टोलनाक्याच्या अलीकडे एक ट्रक अचानक लेन सोडून समोर आला. गाडीमालकांनी ब्रेकवर अक्षरशः उभं राहून गाडी थांबवली. टक्कर झाली नाही, कुणाला खरचटलंही नाही. पण मागून धप्पकन आवाज झाला आणि आजींच्या पाठीत सीटचाच धक्का बसला. सगळ्यांना वाटलं, मागून कुणीतरी ठोकलं. उतरून पाहिलं तर बंपरला ओरखडाही नव्हता. डिक्की उघडली, तर वूफरचा डबा सीटच्या पाठीला जाऊन टेकलेला.

आमच्या गॅरेजात ते आले ते एवढंच सांगत, ‘‘भाऊ, एक बेल्ट लावून द्या. डबा सरकून राहिला.’’ बेल्ट लावणं म्हणजे चहा संपेपर्यंतचं काम. गाडी मात्र दोन दिवस आमच्याकडे राहिली. डबा आणि कार ऑडिओची कामं करणाऱ्यांना त्यामागची कारणं उपयोगी पडतील म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

डबा घट्ट होता, पण कशाला?

मुलाला बापाचं म्हणणं पटलेलं नव्हतं. त्यानं डिक्की उघडून डबा दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे हलवून दाखवला. ‘‘पाहा काका, हालत नाही ना?’’ खरंच हालला नाही. मग मी डब्याखाली बोटं घालून वर उचलला, तर डब्याबरोबर डिक्कीचा अख्खा तळ वर आला.

घोळ इथेच होता. डब्याच्या मागच्या बाजूला दोन एल-पट्ट्या होत्या आणि त्या डिक्कीच्या फळीत स्क्रूनं बसवलेल्या होत्या. ही फळी म्हणजे स्टेपनीवर झाकण म्हणून ठेवलेला दाबलेल्या पुठ्ठ्याचा पाट. कडेच्या खाचेवर तो नुसता टेकलेला असतो, गाडीच्या पत्र्याशी त्याचा काही संबंध नसतो. म्हणजे डबा पाटाला पक्का आणि पाट कशालाच नाही. ब्रेक लागला तेव्हा तर पाटानंही साथ सोडली होती. बासच्या धडधडीनं स्क्रूची भोकं आधीच लांबट झाली होती, त्यातून स्क्रू पुठ्ठ्याच्या लगद्यासकट उपटून आले. गाडीमालकांनी घरी आल्यावर त्या भोकांत काडेपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरून तेच स्क्रू पुन्हा आवळले होते. लाकडी दाराच्या बिजागरीला हा उपाय छान चालतो, त्यांना दोष कसा द्यायचा!

पाट बाजूला काढल्यावर दुसरी गोष्ट दिसली. ज्यानं हे काम केलं होतं त्यानं आधी पाटातून थेट खालच्या पत्र्यात लांब सेल्फ टॅपिंग स्क्रू मारून पाहिला असावा. पत्रा हाताला लागला नाही, म्हणून स्क्रू तसाच सोडून दिलेला. त्याचं टोक पाटाच्या खाली दोनेक सेंटिमीटर लोंबत होतं आणि बरोबर त्याखाली स्टेपनीच्या टायरची बाजू होती. रबरावर नखानं कुरतडल्यासारखी अर्धगोल खूण होती, अजून आरपार गेलेली नव्हती. रस्त्यात पंक्चर झालं असतं आणि स्टेपनी काढून पाहिली असती, तर तीही बसलेली निघायची पाळी फार लांब नव्हती.

तिसरी गोष्ट वायरची. बॅटरीकडून आलेली पॉवर केबल डब्याच्या खालच्या कोपऱ्याखालून नेली होती. डबा जितका सरकत होता तितका तो केबल घासत होता. एका ठिकाणी लाल वेष्टन बोटाच्या पेराएवढं झिजून तांबं चकाकत होतं. त्यात भर म्हणजे फ्यूज बॅटरीपाशी नव्हता, मागे अँपपाशी होता. अशा जोडणीत फ्यूज फक्त अँपचं रक्षण करतो. ती झिजलेली केबल पत्र्याला लागली असती, तर बॅटरीपासून तिथपर्यंतच्या सगळ्या वायरमधून वाटेल तेवढा करंट गेला असता आणि फ्यूज मागे शांत बसून राहिला असता. डबा सैल असण्याचा धोका पाठीला बसणाऱ्या धक्क्यावर संपत नाही. सैल डबा वायर कापतो, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीच्या आसपासून जाते.

वजन, वेग आणि फूटभर जागा

मुलगा इंजिनिअरिंगचा, त्यामुळे आकड्यांची भाषा त्याला कळते. त्याच्याच हातात कागद दिला.

डबा, स्पीकर आणि अँप मिळून वजन भरलं २४ किलो. डबा डिक्कीच्या दाराकडे ठेवलेला होता आणि सीटच्या पाठीपर्यंत जवळपास ३० सेंटिमीटर मोकळी जागा होती, मध्ये बॅग मावावी म्हणून. जोराच्या ब्रेकमध्ये गाडीचा वेग ०.८ जीच्या (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) आसपास दरानं कमी होतो. कार्पेटवर कार्पेट घासताना घर्षणाचा गुणांक साधारण ०.४ धरला, तर उरलेल्या ०.४ जीनं डबा पुढे निघतो. ३० सेंटिमीटर सरकून पाठीवर आदळताना त्याचा वेग येतो ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास. आजींच्या पाठीला बसलेला धक्का एवढाच होता.

आता ताशी ५० किलोमीटरनं टक्कर धरा. गाडीचा पुढचा भाग चेपत ती ७० सेंटिमीटरांत थांबली असं मानलं, तर सरासरी मंदन १४ जीच्या घरात जातं. घर्षण तिथे खिजगणतीतही नाही. तीच ३० सेंटिमीटरची जागा ओलांडेपर्यंत डब्याचा गाडीच्या मानानं वेग ताशी ३३ किलोमीटर होतो. आणि डब्याला धरून ठेवायला लागणारा जोर २४ गुणिले १४, म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे किलोच्या वजनाइतका. हा सरासरीचा हिशेब झाला, क्षणाचं शिखर याच्या दुपटीपर्यंत सहज जातं.

मुलाचा प्रश्न रास्त होता. ‘‘मग सीटची पाठ कशाला असते काका? ती अडवेलच ना?’’ थोडंफार अडवते. युरोपातल्या आर१७ नियमात सीटच्या पाठीची चाचणी आहे. त्यात १८ किलोचे दोन ठोकळे डिक्कीत ठेवून ताशी ५० किलोमीटरच्या टक्करीइतका धक्का देतात. पाठीनं ते ठोकळे रोखायचे असतात, पण ठरावीक हद्दीपर्यंत ती पुढे वाकली तरी चालतं. आमच्या डब्याचं वजन एका ठोकळ्यापेक्षा जास्त, आणि तो दोन भागांत दुमडणाऱ्या पाठीच्या एकाच भागामागे होता, मोठ्या भागामागे. म्हणजे सगळा भार एका बाजूच्या कुलपावर आणि एका बाजूच्या बिजागरीवर. त्याच भागावर बाळाची सीट लागते. पाठ ‘नियमात बसेल इतकी’ वाकण्याची परवानगी त्या बाळासमोर द्यायची का, हा प्रश्न मी बापाला विचारला, मुलाला नाही.

जे केलं नाही

पहिली सूचना मुलाचीच होती. पत्र्याला चार भोकं पाडा, मोठे वायसर लावा, बोल्ट आवळा, विषय संपला. जगभर पुष्कळ लोक असं करतात आणि खाली उतरून जागा नीट पाहून केलं, तर ते मजबूतही होतं. या गाडीत नको म्हणालो. गाडी रॅम्पवर घेऊन खालून दाखवली, तेव्हा मुलगाही गप्प झाला. हॅचबॅकमध्ये पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते, आणि डिक्कीच्या पुढच्या कडेखाली टाकीची मागची बाजू, भरण्याची नळी, वाफेची नळी आणि ब्रेकचे पाइप एकमेकांना खेटून जातात. वरून कुठे काय आहे ते दिसत नाही. मागच्या भागात भोक पाडलं, तर ते स्टेपनीच्या खड्ड्यात उघडतं. शिवाय कापलेल्या पत्र्याची कड कितीही रंगवली तरी पावसाळ्यात गंजाला तिथूनच सुरुवात होते.

व्हेलक्रो. डब्याखाली जाड व्हेलक्रोच्या पट्ट्या, ही इंटरनेटवरची आवडती सूचना. वळणावर डबा न सरकण्यापुरती ती बरी आहे. पण तिची सगळी ताकद मागच्या गोंदात असते, आणि नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत ६० अंशांच्या आसपास तापमान जाणं नवलाचं नाही. गोंद मऊ पडतो, पट्टी कार्पेटला चिकटून राहते आणि डबा तिच्यासकट सरकतो. शिवाय स्पीडब्रेकरवर डबा वर उसळतो, तेव्हा व्हेलक्रो सोलली जाते. सोलली जाणं हीच तिची कमजोर बाजू.

हुकांची रबरी दोरी, दुचाकीवर सामान बांधतात तसली, तर नकोच. ती ताणते, म्हणजे डब्याला पुढे जाऊ देते आणि मग परत खेचते.

सीटबेल्टच्या बोल्टखाली एक कडी घालून तिला पट्टा लावा, अशीही एक कल्पना निघाली. त्या बोल्टला हात लावायचा नाही. तो माणसासाठी आहे. त्याच्याखाली वाढीव पट्टी घातली की बोल्टची पकड आणि सीटबेल्टचा कोन दोन्ही बदलतात. बाळाच्या सीटचा वरचा पट्टा लावायची कडी सीटच्या पाठीमागे होती आणि ती भक्कम असते, पण तिचं काम ठरलेलं आहे. नातू आला की ती लागणार, मग डब्याचा पट्टा सोडणार, आणि नेमकं बाळ गाडीत असताना डबा मोकळा राहणार.

एक उपाय मी आवर्जून सुचवला आणि तो फेटाळला गेला. वूफरच बदला. सीटखाली बसणारे, आत अँप असलेले लहान वूफर ५-६ किलोच्या आतबाहेर मिळतात. वजन चौथ्या हिश्श्यावर आलं की सगळेच आकडे चौथ्या हिश्श्यावर येतात. मुलगा म्हणाला, ‘‘काका, त्याला वूफर नाही म्हणत.’’ विषय तिथेच संपला.

बुचाखालचे नट

कुठलाही पट्टा बांधायला त्याचं दुसरं टोक गाडीच्या मूळ पत्र्यात रुतलेल्या एखाद्या जागी जायला हवं. या डिक्कीत सामान बांधायच्या कड्या नव्हत्या. बाजूला दोन प्लास्टिकचे हूक होते, पण ते भाजीची पिशवी अडकवायला. त्यांच्यावर किलोचा आकडा लिहिलेला असतो, तो वाचावा आणि सोडून द्यावा.

पण याच गाडीच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये चार कड्या येतात, हे मला ठाऊक होतं. बॉडी शेल सगळ्या व्हेरिएंटचा एकच असतो, तेव्हा भोकंही असणार. डिक्कीच्या उंबऱ्याजवळचा प्लास्टिकचा पट्टा काढला, कार्पेटची कड सोडवली, तर दोन्ही बाजूंना काळी रबरी बुचं दिसली. बुच काढलं की मागे कारखान्यातच वेल्ड केलेला नट. पुढच्या बाजूला चाकाच्या कमानीच्या पायथ्याशी आणखी दोन. तीन साफ होते. चौथ्यात खालून मारलेला सीलंट गोठून बसला होता आणि बोल्ट दोन आट्यांपुढे जाईना. अशा वेळी जोर लावून बोल्ट घुसवायचा मोह होतो. त्यानं आटे मोडतात किंवा नटच पत्र्यापासून सुटून मागे फिरत राहतो. एम८ चा, १.२५ पिचचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हातानं, तेल लावून, अर्धा आटा पुढे आणि पाव आटा मागे असा चालवून साफ केला.

कड्या कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानातून मागवल्या, बोल्टसकट. बोल्टच्या डोक्यावर ८.८ ची छाप. असा एम८ बोल्ट सरळ ओढला, तर दोन टनांपर्यंत ताण न वाकता घेतो. त्यामुळे तुटायचंच झालं, तर बोल्ट शेवटी तुटेल. कमजोर असतो तो नटाभोवतीचा पातळ पत्रा. म्हणून पट्टा शक्यतो पत्र्याला समांतर ओढेल असाच ठेवायचा, पत्र्यापासून सरळ वर उपटेल असा नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की कडी कुठली आणि पट्टा कसा, ते आपोआप सुचतं.

पट्टा कसा फिरवला

बहुतेक जण पट्टा डब्यावरून आडवा टाकतात आणि रॅचेटनं, म्हणजे खटक्याखटक्यानं ताणणाऱ्या कळीनं, आवळतात. दिसायला घट्ट दिसतं. पण तो पट्टा डब्याला फक्त खाली दाबतो. पुढे जाण्यापासून डबा रोखला जातो तो त्या दाबानं वाढलेल्या घर्षणामुळे, आणि १४ जीपुढे घर्षण किती टिकतं ते वर आलंच आहे. खरा पट्टा हवा तो डब्याच्या पुढून, म्हणजे सीटकडच्या अंगानं. उंबऱ्याजवळच्या डाव्या कडीतून निघायचं, डब्याच्या डाव्या बाजूनं पुढे जायचं, सीटकडच्या तोंडावरून वळायचं आणि उजव्या बाजूनं मागे येऊन उजव्या कडीत अडकायचं. आता डबा पुढे जायला निघाला की पट्ट्याच्या दोन्ही फांद्या सरळ ताणात येतात आणि भार दोघींत वाटला जातो, वरच्या हिशेबानं प्रत्येकीवर सरासरी १७० किलो, शिखराला त्याच्या दुप्पट.

पट्टा घेतला २५ मिलिमीटर रुंदीचा, पॉलिएस्टरचा, रॅचेटवाला. बाजारात असे पट्टे भरपूर आहेत, पण लेबल वाचून घ्यावा. काहींवर फक्त तुटण्याचा भार मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. आपल्याला हवा तो कामाचा भार, युरोपीय मानकाच्या लेबलवर ‘एलसी’ या अक्षरांपुढे डेकान्यूटनमध्ये लिहिलेला. एक डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानानं एक किलोचा जोर. त्यातही सरळ ओढीचा आकडा वेगळा आणि वळसा घालून बांधण्याचा वेगळा, दुप्पट. मोठा आकडा पाहून फसायचं नाही. आम्ही सरळ ओढीत ५०० डेकान्यूटनचा घेतला.

पहिल्यांदा बांधून रॅचेटचे दोन खटके मारले आणि पट्टा सीटकडच्या तोंडावरून सरकत वर चढायला लागला. हे होणारच होतं. हॅचबॅकची सीट मागे रेललेली असते, म्हणून या डब्याची सीटकडची बाजूही तिरपी बनवतात, खाली रुंद आणि वर अरुंद. ताण आला की पट्टा कमी घेराच्या जागेकडे, म्हणजे वर पळतो आणि शेवटी डब्याच्या डोक्यावरून निसटतो. टकरीच्या वेळी तर नक्कीच. त्यासाठी तिरप्या तोंडावर सागाच्या दोन छोट्या पट्ट्या आडव्या बसवल्या, एक पट्ट्याच्या वरून, एक खालून, मध्ये पट्टा जाईल एवढी वाट ठेवून. उंची ठरवली ती स्पीकरच्या मध्याच्या आसपास, कारण वजनाचा मध्य तिथेच येतो. पट्टा त्याच्या फार खाली असेल, तर डबा पट्ट्यावरून पुढे कलंडतो.

या सागाच्या पट्ट्या बसवताना स्क्रू १६ मिलिमीटरचेच वापरले, वायसरसह, आणि खाली लाकडाचा गोंद भरून. एमडीएफ १८ मिलिमीटरचं आहे, स्क्रू आरपार गेला तर डब्यातली हवा गळते आणि वूफर भोकातून शीळ घालतो. एमडीएफच्या कडेत स्क्रू मारू नये, ती चिरते. स्क्रू नेहमी सपाट तोंडात मारावा आणि आधी बारीक भोक पाडून घ्यावं.

दुसरा पट्टा डब्यावरून टाकला, चाकांच्या कमानींजवळच्या पुढच्या दोन कड्यांमध्ये. याचं काम फक्त खाली दाबायचं, उसळी रोखायची. पट्टा जिथे डब्याच्या धारेवरून वळतो तिथे प्लास्टिकचे कोपरे ठेवले. नाहीतर आवळताना एमडीएफ चेपतं, आणि चेपलेल्या जागेतून पट्टा महिन्याभरात ढिला पडतो. खालचा पुठ्ठ्याचा पाट घरी ठेवायला सांगितला आणि त्याच मापाची १२ मिलिमीटर प्लायवूडची फळी त्याच खाचेवर बसवली. पुठ्ठा या दाबाखाली स्टेपनीच्या खड्ड्यात वाकला असता. फळीवर खडबडीत रबरी चटई.

आता राहिला डबा आणि सीट यांच्यातल्या अंतराचा प्रश्न. ३० सेंटिमीटर तर नकोच, मग पूर्ण चिकटवायचा का? पॉलिएस्टर ताणात लांबतं, कामाच्या पूर्ण भाराला ७ टक्क्यांपर्यंत. आमची प्रत्येक फांदी साधारण ६० सेंटिमीटरची, म्हणजे जोराच्या टकरीत डबा ३-४ सेंटिमीटर पुढे येणार. डबा पाठीला चिकटवला, तर पट्टा ताणाखाली येण्याआधीच भार पाठीवर जाईल. फार लांब ठेवला, तर तो धावत येऊन आदळेल. म्हणून चार बोटं जागा ठेवली आणि तिच्यात बंद छिद्रांचा फोम दाबून बसवला. हा फोम डबा धरून ठेवत नाही. पण पट्टा लांबला आणि डबा पुढे आला, तर मध्ये मोकळी हवा नसते.

स्टेपनीची अट

सगळं ठरवताना मी एक अट आधीच घातली होती. डबा काढून स्टेपनीपर्यंत पोचायला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागता कामा नये. चार बोल्ट सोडा, सहा स्क्रू काढा, अशी रचना पहिल्या पंक्चरपर्यंत टिकते. बुटीबोरीच्या पुढे रात्री पंक्चर होतं, मोबाइलच्या उजेडात बोल्ट काढले जातात, चाक बदललं जातं आणि डबा ‘घरी जाऊन लावू’ म्हणून तसाच ठेवला जातो. मग तो कधीच लागत नाही. दोन रॅचेट सोडले, स्पीकरची एक प्लग-जोडणी ओढली की डबा बाहेर, इतकंच काम असलं पाहिजे. रॅचेटचे दांडे दाराकडे येतील असेच बांधले, आत वाकून शोधावे लागणार नाहीत असे.

अँपही डब्यावरून काढून बाजूच्या ट्रिममागे पत्र्याला असलेल्या मूळ बोल्टवर पट्टी लावून बसवला. डब्यावर तो सतत थरथरत होता, त्याचे टर्मिनल ढिले झालेच होते. शिवाय डब्याचं वजन तेवढं हलकं झालं. अर्थिंगसाठी रंग घासून स्वच्छ पत्रा उघडा केला आणि बोल्ट आवळल्यावर वरून परत रंग लावला. झिजलेली केबल पूर्ण बदलली, ८ गेजची, निव्वळ तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल स्वस्त असते, पण त्याच जाडीत ती करंट कमी नेते आणि टोकाला लवकर ढिली होते. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, ५० अँपिअरचा. इंजिनकडून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट नव्हतं, ते घातलं.

गाडी पॅकेज पॉलिसीवर आहे. कंपनीबाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तू पॉलिसीत वेगळ्या नोंदवाव्या लागतात, मोटार विम्याच्या दरपत्रकातल्या आयएमटी २४ या कलमाखाली, सहसा वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता भरून. नोंद नव्हती. हे आमचं काम नाही, पण सांगून टाकलं.

तपासणी

हातानं हलवून पाहण्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्या पुठ्ठ्याच्या पाटानं शिकवलंच होतं. डब्याच्या चारही पायांजवळ फळीवर मास्किंग टेप चिकटवून पेननं डब्याची कड आखली. प्रत्येक कडीच्या बोल्टवर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढली. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. मग पहाटे आउटर रिंग रोडच्या मोकळ्या पट्ट्यात, मागे कुणी नाही हे पाहून, ताशी ६० वरून पूर्ण ब्रेक. मागच्या सीटवर कुणालाही बसवलं नव्हतं. त्यानंतर मुलाच्या आवडीची गाणी, त्याच्या आवडीच्या आवाजात, गाडी उभी करून. धडधडीनं जे ढिलं होतं ते ब्रेकनं होत नाही, म्हणून दोन्ही पाहायचं.

ब्रेकनंतर डबा आखलेल्या रेघेपासून जेमतेम दोन मिलिमीटर पुढे होता. खालची चटई दबली होती एवढंच. परत आवळल्यावर तोही फरक गेला. बोल्टच्या रेघा जागच्या जागी. गाण्यांच्या वेळी मात्र डिक्कीच्या दाराची नंबरप्लेट खडखडायला लागली. आधी डब्याच्या आवाजात ती ऐकू येत नव्हती म्हणे. तिच्यामागे फोमचा तुकडा लावला.

गाडी देताना बापाला दोन गोष्टी सांगितल्या. सुरुवातीला आठवडाभरात एकदा आणि मग उन्हाळा लागल्यावर रॅचेट तपासायचे, कारण पट्टा बसतो आणि उष्णतेनं कार्पेट आणि फोमही दबतो. आणि नातू गाडीत असेल त्या दिवशी डबा घरीच ठेवायचा. दोन रॅचेट आणि एक प्लग सोडायला आता निमित्त चालणार नाही.

मे महिन्याच्या शेवटी गाडी परत आली, एसीच्या कामाला. डिक्की उघडून पाहिली. पुढून वळणारा पट्टा एक खटका ढिला होता, वरचा जसाच्या तसा. रंगाच्या रेघा शाबूत. सागाच्या एका पट्टीवर घासल्याची पांढरी खूण होती, म्हणजे पट्टा तिथे टेकून काम करत होता. केबलवर ओरखडा नव्हता. बाप म्हणाले, नातू आला की डबा गॅलरीत जातो.

मुलगा तेव्हा वेगळ्याच विचारात होता. ‘‘काका, याच्या बाजूला अजून एक १२ इंची बसेल का?’’ बसेल, जागा आहे. पण मग वजन दुप्पट, प्रत्येक फांदीवर शिखराला पावणेसातशे किलो, पट्टा ५०० चा आणि कड्या त्याच दोन. कागद परत त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ गुणाकार करत बसला आणि मग विचारलं, सीटखालचा तो लहान वूफर नेमका किती किलोचा असतो.